साडेदहा व्होल्ट

दोलोनच्या खिंडीत, गेल्या नोव्हेंबरात,
शिंगरू मला दिसलं तेव्हा
ते आधीच बॉनेटवर होतं.

म्हातारी तोक्तोबूबू काठी टेकत आली,
त्याच्या मानेवर हात ठेवून बसली बराच वेळ.
मी पैसे मोजत होतो,
थंडीनं नोटा सुट्या होत नव्हत्या.
तिनं घेतले, मोजले नाहीत.
उठून गाडीसमोर आली,
दोन्ही दिव्यांत आळीपाळीनं वाकून पाहिलं,
आजारी मेंढीच्या डोळ्यांत बघतात तसं,
आणि म्हणाली,
"हा उजेड नाही रे. हा चहा आहे."

सोत्का. इकडे सगळे तिला हेच म्हणतात.
आउडी शंभर, एक्क्याण्णव सालची.
आधी कुण्या जर्मनाची, मग कुण्या लिथुआनियाच्या माणसाची,
मग माझी.
नारिन ते कोचकोर, चार सवाऱ्या,
डिकीत कुणाची तरी मेंढी, पाय बांधलेली.
सतरा वर्षं त्याच चहात रस्ता बुडवून
मी गिळत आलो.

भाच्यानं, एर्लानानं, दोर्दोय बाजारातून
निळेपांढरे एलईडी आणले. डबीवर वाघ.
पहिल्याच रात्री समोरचा प्रत्येक ट्रक
डोळे मिचकावत शिव्या देऊन गेला.
आणि रस्ता?
धुकं तेवढं लख्ख दिसलं.
तिसऱ्या दिवशी वाघ परत डबीत.

मग कुबानिच.
कोचकोरच्या बसथांब्यामागे त्याचा पत्र्याचा कंटेनर,
आत शेगडी, सोल्डरचा वास,
आणि बोलण्याचा कंटाळा.
मीटरच्या सुया त्यानं बॅटरीला टेकवल्या: पावणेचौदा.
दिव्याच्या पाठीला टेकवल्या: साडेदहा.
"मधले सव्वातीन?" मी विचारलं.
"वाटेत खाल्ले."

स्विचनं थोडे. तीस वर्षांच्या बारीक तारांनी थोडे.
गंजलेल्या अर्थिंगनं उरलेले.
बिश्केकहून निघालेलं काहीही
आमच्यापर्यंत असंच पोचतं, मी म्हणालो.
तो हसला नाही. मीटर पुसत होता.
मी सतरा वर्षं बल्ब बदलत होतो,
बल्बला बोल लावत होतो.
त्याच्या ताटात पडलं तेवढंच तो जळत होता बिचारा.

दोन रिले, बोटाएवढी जाड तार थेट बॅटरीपासून,
भंगारातल्या दुसऱ्या सोत्काचे आरसे, चांदी न उडालेले.
जुना स्विच तसाच ठेवला.
आता तो वीज वाहून नेत नाही,
नुसता निरोप देतो:
टक्.

संध्याकाळी शाळेच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली.
माझ्या वजनासाठी नूरजामाल ड्रायव्हरच्या सीटवर.
"तुझ्या वजनाची मी? बटाटे आण."
मग तिच्या मांडीवर अर्धं पोतं बटाटे,
आणि मी पुढे वाकून स्क्रू पिळतोय:
डावा खाली, अजून खाली,
समोरच्याच्या डोळ्यांना लागू नये;
उजवीकडे मात्र किंचित वर,
कडेच्या गवतापर्यंत.
घोडे तिथूनच येतात.
भिंतीवर पोरांनी लिहिलेली एक शिवी
स्वच्छ वाचता आली. नूरजामालनं मोठ्यानं वाचली.

फेब्रुवारी. दोलोन. रात्रीचे दोन.
कडेला, सत्तर-ऐंशी पावलांवर,
दोन हिरवी नाणी हवेत.
मग कान, डाव्या कानाला खाच,
तोक्तोबूबूच्या घरची खूण.
मग पोट, खूप मोठं, दोन्ही बाजूंनी फुगलेलं.

मी हळूच थांबलो. दिवे मंद केले. टक्.
ती रस्त्याच्या मधोमध आली,
जराशी थबकली,
बर्फावरचं काहीतरी हुंगलं,
आणि पलीकडे उतरून गेली.

उजेड वेळेवर पोचला की असं होतं:
काहीच होत नाही.

मागच्या सीटवरचा एक जण झोपेत पुटपुटला,
"का थांबलास?"
"काही नाही," म्हणालो,
आणि पहिला गिअर टाकला.